काटा वर चालला होता

आमच्या दुकानात कोणीही आलं की आधी काट्यावर चढतं. आम्ही सांगत नाही, पण दारातच डायलचा मोठा काटा उभा आहे, तो दिसला की माणसाला राहवत नाही. चढतात, आकडा बघतात आणि म्हणतात, "तुमचा काटा जरा जास्त दाखवतो हं."

बाबाचं उत्तर ठरलेलं. "काटा बरोबर आहे. जास्त तुम्ही आहात."

बाबा वजनकाटे दुरुस्त करतो. किराणावाल्यांचे, भंगारवाल्यांचे, गोदामांचे. खाली दुकान, वर दोन खोल्या, मधे चौदा पायऱ्या. आई पलीकडच्या रस्त्यावर लाँड्रीत इस्त्रीला जाते. मी गेल्या वर्षापासून बाबाच्या हाताखाली. गणिताच्या सरांनी भर वर्गात म्हटलं होतं की पेपर तू कोणाचा तरी बघून लिहिलास. नव्हता बघितला. मी कंपासपेटी फेकली. सरांना नाही, फळ्याला लागली, पण माफी माग म्हणाले. मी दप्तर उचललं आणि घरी आले ते परत गेलेच नाही. आई अजून त्यावरून बोलते. बाबानं एकदाच विचारलं, "बघून लिहिला होतास?"

"नाही."

"मग बस इथे. हे स्क्रू रॉकेलनं पूस."

तो मला भिंगरी म्हणतो, कारण मी एका जागी दहा मिनिटं बसत नाही. तो मात्र बसला की बसला. अठ्ठ्याण्णव किलो. हे मी सांगत नाहीये, काटा सांगतो.

पाण्यावर राहायचं त्याच्या डोक्यात आलं ते एका पोराच्या हसण्यावरून. आम्ही एका गोदामाचा काटा तपासायला गेलो होतो. मोठा काटा तपासायचा म्हणजे त्यावर वीस-वीस किलोची वजनं ठेवत जायची, एकेक करून, पन्नास वेळा. अकराव्या वजनाला बाबा खाली बसला. घामानं शर्ट चिकटलेला, तोंड उघडं. गोदामातला एक हमाल, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असेल, दुसऱ्याला म्हणाला, "यांना स्वतःलाच ठेवा ना काट्यावर, पाच वजनं वाचतील."

सगळे हसले. बाबापण हसला. मी त्या पोराच्या अंगावर धावले तर बाबानं माझी कॉलर धरली. उरलेली वजनं मी उचलली. येताना टेम्पोत बाबा मान खाली घालून बसला. फोनवर काहीतरी बघत होता. मी वाकून बघितलं तर एक काटकुळा माणूस हातात पाण्याचा ग्लास धरून बोलत होता. म्हणे एकवीस दिवस फक्त पाणी. म्हणे शरीर स्वतःलाच साफ करतं. म्हणे पाचव्या दिवसानंतर असं वाटतं की विशीत आहोत.

"उद्यापासून," बाबा म्हणाला.

आई म्हणाली, "अहो, सकाळी चहा मिळायला पाच मिनिटं उशीर झाला तर घर डोक्यावर घेता. तुम्ही काय राहताय?"

"बघच."

"मीपण," मी म्हणाले. का म्हणाले देवाला ठाऊक. कोणी पैज लावली की माझ्या अंगात येतं. बाबा म्हणाला, "तू तीन दिवस काढ, तुला मी छोटा काटा एकटीला उघडायला देतो."

पहिला दिवस सोपा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून डोकं असं दुखत होतं की कोणीतरी आतून हातोडी मारतंय. हात गार पडले. आई उगाच काहीतरी विचारायची आणि मी खेकसायचे. रस्त्यावरून बिस्किटवाल्याची सायकल गेली तर मला तिच्या मागे धावावंसं वाटलं. दुपारी आईला डबा द्यायला लाँड्रीत गेले आणि तिथे गरम चादरींच्या गठ्ठ्यामागे उभी राहून तिच्याच डब्यातली अर्धी पोळी आणि दोन केळी खाल्ली. आईनं बघितलं. इस्त्री आपटली.

घरी आल्यावर मी तोंड पाडून बाकावर पडले, उपाशी असल्यासारखी. बाबा म्हणाला, "चढ काट्यावर."

चढले. सकाळपेक्षा तीनशे ग्रॅम जास्त.

बाबा एवढा हसला की त्याला खोकला आला. "हवा खाल्लीस वाटतं! भिंगरे, आईला फसव, मास्तरला फसव, पण काट्याला नको. काटा खोटं बोलत नाही."

मला राग आला. पण ते लक्षात राहिलं. त्यानंही लक्षात ठेवलं, आणि पुढे सगळं त्यावरच अडलं.

बाबा मात्र राहिला. रोज सकाळी दात घासून खाली यायचा, चपला काढायचा, काट्यावर चढायचा, आणि मी आकडा वाचायचे. तो पेन्सिलीनं भिंतीवर लिहायचा. अठ्ठ्याण्णव चारशे. सत्त्याण्णव शंभर. शहाण्णव. तिसऱ्या दिवशी तो बाकावर आडवा होता, डोळ्यांवर ओला रुमाल टाकून. चौथ्या दिवशी त्याच्या तोंडाला एक वास यायला लागला. नेलपॉलिश पुसायचं पाणी असतं ना, तसा, आणि त्यात खराब व्हायला आलेल्या सफरचंदाचा. मी म्हणाले, "बाबा, तोंड तिकडे कर." तो म्हणाला, "चरबी जळतेय, तिचा धूर."

आणि पाचव्या दिवशी मी शिट्टीच्या आवाजानं जागी झाले.

बाबा शिट्टी वाजवतो हे मला माहीतच नव्हतं. मी खाली गेले तर दुकानाच्या काचा पुसून झालेल्या. सगळी वजनं उतरत्या क्रमानं मांडलेली, पितळेची चकचकीत घासलेली. माझ्या जन्माआधीपासून कोपऱ्यात पडलेला सोनाराचा काटा टेबलावर उघडा होता आणि बाबा त्यात चिमट्यानं काहीतरी बसवत होता. हात जराही हलत नव्हता.

"भिंगरे, सगळं स्पष्ट दिसतंय गं मला," तो म्हणाला. "डोक्यातला भुसाच कोणीतरी काढून टाकलाय. चौदा पायऱ्या चढलो, धाप नाही. भूक नाही. मला खायला लागत होतं तेच कशाला लागत होतं असं वाटतंय."

खरं सांगू? मलापण छान वाटलं. असा बाबा मी कधी बघितला नव्हता. आठव्या दिवसापर्यंत आम्ही सहा काटे दुरुस्त केले. एरवी महिन्यात होत नाहीत. गिऱ्हाइकं म्हणायची, "काय शेठ, तरुण झालात." तो काट्यावर चढून दाखवायचा.

 आई मात्र त्याच्या शर्टांना इस्त्री करायची आणि कॉलर हातात धरून बघत बसायची.

मग शिट्टी थांबली. नक्की कधी ते मला सांगता येणार नाही. बाराव्या दिवशी लक्षात आलं की दुकान शांत आहे. बाबा भर उन्हात स्वेटर घालून बसला होता. एक स्क्रू काढायचा, मग हात मांडीवर ठेवून थोडा वेळ समोर बघायचा, मग दुसरा. त्याला हाक मारली की उत्तर यायला वेळ लागायचा, लांबच्या खोलीतून चालत आल्यासारखं. मी विचारलं, "दुखतंय का काही?"

"नाही. शांत वाटतंय."

त्याच दिवशी समोरच्या औषधवाल्या मावशीनं मला हाक मारली. तिचं दुकान बरोबर आमच्या समोर, ती दिवसभर काउंटरमागून सगळा रस्ता वाचत असते. म्हणाली, "तुझा बाबा जेवत नाही म्हणे. किती दिवस?"

"बारा. तुला काय करायचंय?"

"मला काही करायचं नाही. पण नीट ऐक. उपाशी राहण्यापेक्षा उपास सोडणं वाईट असतं. इतक्या दिवसांनी एकदम जेवला तर रक्तातले क्षार खाली येतात, हृदय दगा देतं. सोडायचा म्हणाला की आधी मला सांग. डॉक्टरकडे नेऊ, रक्त तपासू, मग चमच्या-चमच्यानं. कळलं?"

"जेवल्यानं कोणी मरतं होय?"

"शाळा सोडलीस म्हणून ऐकायचंही सोडलंस का गं?"

बस. तिनं एवढंच म्हणायला नको होतं.  "तू गोळ्या विक," मी म्हणाले आणि निघून आले. घरी कोणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिचं ते शाळेचं वाक्यपण सांगावं लागलं असतं.

सतराव्या दिवशी बाबाच्या हातून पाच किलोचं वजन पडलं. पायाच्या बोटापासून चार बोटांवर, फरशीला खड्डा. तो खड्ड्याकडे बघून म्हणाला, "कोणी टाकलं?" मला वाटलं गंमत करतोय. तो गंमत करत नव्हता.

एकविसावा दिवस आला आणि गेला. आई म्हणाली, "झाले ना एकवीस?" तो म्हणाला, "ऐंशीपर्यंत जाऊ दे. एवढ्या जवळ आलोय." आता तो उठला की आधी भिंत शोधायचा. डोळ्यांसमोर काळं व्हायचं, मग माझा खांदा धरायचा. त्याची बोटं कपड्यांच्या चिमट्यांसारखी लागायची. तेविसाव्या दिवशी सकाळी तो काट्यावर चढला, मी वाचलं, "ब्याऐंशी नऊशे," आणि तो उतरता उतरता खाली बसला. तिथेच, काट्याच्या पायरीवर. गोदामाचं काम पाच दिवसांवर होतं. तेच गोदाम, तीच वीस-वीसची पन्नास वजनं, तोच हमाल.

माझं डोकं फिरलं. त्याची पाण्याची बाटली उचलून मी रस्त्यावर फेकली. "वजनं काय पाणी उचलणार आहे? जा ना त्या पोरासमोर असाच, स्वेटर घालून! या वेळी तो हसणारपण नाही, उचलून खुर्चीत बसवेल तुला!"

बाबानं रस्त्यावरच्या बाटलीकडे बघितलं. मग म्हणाला, "बरं. आईला सांग भात टाकायला."

आई लाँड्रीतून धावत आली. चप्पल दारातच उलटी पडली. भात केला, बटाटे केले, दूध साखर घालून आटवलं, पाव आणले, केळी आणली. तेवीस दिवसांचं सगळं तिनं एका दुपारी रांधलं. बाबा पहिल्या घासाला रडला. आईपण रडली. मी वाढत होते. आमच्याकडे सवयच आहे, ताट वाढायच्या आधी मी सगळं छोट्या काट्यावर ठेवून वजन पाटीवर लिहिलं. मजेनं. भात इतका, बटाटा इतका. "घे बाबा, अजून एक. अजून एक."

मावशीचं बोलणं मला आठवलं नाही असं नाही. दुसरा भात वाढताना आठवलं. डाव हातातच होता. खिडकीतून समोर तिचं दुकान दिसत होतं, ती कोणाला तरी बाटली बांधून देत होती. मी विचार केला, जेवतोय तो. तेवीस दिवसांनी जेवतोय, हसतोय. आता मधेच काय सांगू? आणि डाव रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी काटा, त्र्याऐंशी आठशे. तिसऱ्या दिवशी पंच्याऐंशी दोनशे. आईनं हात जोडले. "भरतोय माझा माणूस." बाबा आकडा लिहिताना म्हणाला, "बघा. नऊशे, मग चौदाशे. शरीर ओढून घेतंय. शुक्रवारपर्यंत मी पन्नास वजनं एकटा उचलतो."

चौथ्या दिवशी शहाऐंशी सहाशे.

काटे दुरुस्त करणाऱ्यांचं घर आमचं. दुसरं कोणी असतं तर माणसाकडे बघितलं असतं. आम्ही तिघं डायलकडे बघत होतो.

त्या दिवशी दुपारी बाबा बूट घालत होता. गोदामाच्या मुकादमाला भेटून येतो म्हणाला. बूट जाईना. तेवीस दिवस तो बूट सैल पडत होता, मी आत कागद कोंबून दिला होता. आता कागद काढूनही जाईना. "आकसला वाटतं," बाबा म्हणाला. चामडं कोरड्या दुकानात कसं आकसेल? मी त्याच्या पायाकडे बघितलं. मोज्याच्या रबरानं घोट्यावर खोल चर पडला होता, आणि त्याच्याखाली पाय पावासारखा फुगलेला. तो वाकला होता म्हणून धापा टाकत होता असं मला वाटलं. मग तो सरळ बसला, तरी धापा टाकतच होता. नाडीला हात लावला तर ती मधेच एक ठोका गाळत होती, मग दोन घाईघाईनं.

"बाबा, हा स्क्रूड्रायव्हर धर."

"कशाला?"

"धर ना."

त्यानं धरला. हातातून निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. "बोटांना मुंग्या आल्यात," तो म्हणाला. बोलताना जीभ जड होती.

मी पाटी काढली. शाळा सोडल्यापासून मी बेरीज केली नव्हती, म्हणजे कागदावर. चार दिवसांत त्यानं खाल्लेलं सगळं, भात-बटाटे-दूध-केळी, मी लिहिलंच होतं. बेरीज आली साडेपाच किलो. ठीक. पण त्यातलं काही शरीर वापरतं, काही बाहेर जातं. एरवी बाबा दिवसाला दोन किलो खायचा तेव्हा काय रोज दोन किलो वाढायचा? आणि पाणी तर तो तेवीस दिवस पीत होता, तीन-तीन बाटल्या, आणि तेव्हा वजन घटत होतं. आता बाटली एकच, ती पण अर्धी उरते, आणि लघवीला मी त्याला सकाळपासून जाताना बघितलं नव्हतं. वाढलं होतं पावणेचार किलो. मांस चार दिवसांत एवढं येत नाही. मग ते काय होतं?

मला माहीत होतं ते काय होतं. मला बाराव्या दिवशीच सांगितलेलं होतं.

"बाबा, दवाखान्यात चल. आत्ता."

"वेडी झालीस? परवा काम आहे."

"तू नीट नाहीयेस. बूट बघ."

"भिंगरे, काटा वर चाललाय आणि तू म्हणतेस मी खाली चाललोय?" तो हसला. ओठ निळसर दिसले. "अगं, आकडा बघ ना. उपाशी होतो तेव्हा कोणी नेलं नाही मला दवाखान्यात, आता भरतोय तर नेणार?"

"आकडा चुकीचा आहे!"

"चुकीचा?" त्याचा आवाज चढला. "मी स्वतः शून्य लावलंय त्याचं. माझ्या काट्याला चुकीचा म्हणायचं नाही."

मी ओरडले, तो ओरडला, मग त्याचा श्वासच पुरेना आणि तो टेबलाला धरून उभा राहिला. तरी मानेनं नाही म्हणत होता. हट्ट माझ्यात कुठून आला ते मला तेव्हा दिसलं. मी रडले असते तरी त्यानं ऐकलं नसतं. आईला बोलावलं असतं तर ती भिंतीवरच्या आकड्यांकडे बघून त्याच्या बाजूनं बोलली असती.

मी जाऊन तेच पडलेलं पाच किलोचं वजन उचललं आणि त्याच्यासमोर उलटं ठेवलं. प्रत्येक लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं. वजन कमी भरलं तर त्या भोकात शिसं ओततात आणि वर सरकारी शिक्का दाबतात. शिशात खळगा पडतो आणि तसाच राहतो.

"हे किती किलो आहे?"

"पाच."

"सगळं लोखंड आहे?"

तो बुडाच्या भोकाकडे बघायला लागला.

मी खाली बसले, त्याची पँट वर केली आणि नडगीवर अंगठा दाबला. जोरात, दहा मोजेपर्यंत. काढला. खळगा पडला होता, माझ्या अंगठ्याएवढा, आणि तो भरून येत नव्हता. आम्ही दोघं बघत राहिलो. रस्त्यावर कोणीतरी भांडत होतं. खळगा तसाच.

"काटा चुकीचा नाहीये, बाबा," मी म्हणाले. "शहाऐंशी सहाशेच आहेस तू. पण आत काय भरलंय ते काटा सांगत नाही. तूच शिकवलंयस."

बाबानं स्वतःचं बोट त्या खळग्यात ठेवलं. शिक्का तपासताना ठेवतो तसं. त्याचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

"समोरच्या मावशीला हाक मार," तो म्हणाला. "मला उठता येत नाहीये."

मावशी आली. तिनं पाय बघितला, डोळ्याची पापणी ओढून बघितली, आणि माझ्याकडे बघितलं. काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिच्या भाच्याच्या गाडीतून नेलं. गाडीत बाबाचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तो वजनांचे आकडे बडबडत होता, उतरत्या क्रमानं. वीस, दहा, पाच, दोन, एक. पाचशे. दोनशे. शंभर. पन्नासवर थांबायचा आणि पुन्हा वीस.

दवाखान्यात त्याचं हृदय एकदा थांबलं. मी पडद्याबाहेर होते. आत कोणीतरी मोठ्यानं मोजत होतं. मग चालू झालं. डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि विचारलं, "उपास सोडताना काय दिलं होतं? किती दिलं?"

मी पाटी पुढे केली. बरोबर घेऊनच आले होते. त्यांनी वाचली, मला विचारलं, "हे कोणी लिहिलं?" मी म्हणाले, मी. "आणि कोणी सांगितलं नव्हतं का की असं नाही द्यायचं?"

आई शेजारीच उभी होती. मी म्हणाले, "मला सांगितलं होतं. मी घरी नाही सांगितलं."

आईनं माझ्याकडे बघितलं नाही. बाकावर दवाखान्याची एक चादर पडली होती, ती तिनं उचलली, घडी केली, मोडली, पुन्हा घडी केली. मला थोबाडीत मारली असती तर चाललं असतं.

आठ दिवस सलाइनमधून क्षार दिले. चमच्या-चमच्यानं पेज. पाणी उतरलं तेव्हा वजन निघालं अठ्ठ्याहत्तर. तेवढाच बाबा उरला होता, बाकी सगळं पाणी. डॉक्टरबाईंनी बजावलं, पुन्हा असलं काही केलंत तर मी नाही वाचवू शकणार, हृदयाला मार बसलाय. बाबानं मान डोलावली. गोदामाचं काम दुसऱ्या कोणी केलं. घरी आल्यावर मी भिंतीवरचे सगळे आकडे सँडपेपरनं घासून काढले. 

दोन महिने झाले. तो जेवत होता, म्हणजे ताटावर बसत होता. चौदा पायऱ्या दोनदा थांबून चढायचा. गिऱ्हाइकांशी फारसं बोलायचा नाही. एकदा संध्याकाळी काचेवर बसलेल्या धुळीकडे बघत म्हणाला, "तो पाचवा दिवस आठवतो गं मला. तसं मला आयुष्यात कधीच वाटलं नव्हतं. लग्नातपण नाही."

"आईला सांगू?"

तो हसला नाही. "तुला नाही कळणार. तू दीड दिवस काढलास."

मला कळलं होतं. मी ती सकाळ बघितली होती, चकचकीत वजनं, न हलणारे हात. मला तोच बाबा परत हवा होता, हे मी कोणाला सांगणार?

आज सकाळी मी शिट्टीच्या आवाजानं जागी झाले.

थोडा वेळ पडूनच राहिले. खाली बादलीचा आवाज, काचेवर कागद घासल्याचा आवाज. आई कामावर गेली होती. मी मागे मोजायला लागले. काल त्यानं काय खाल्लं? ताट घेऊन खाली गेला होता, "काम करता करता खातो" म्हणून. परवा? तेच. त्याच्या आदल्या दिवशी? ताटं तर धुऊन येत होती. बाबा ताट धुतो? बाबा?

चौदा पायऱ्या मी कशा उतरले कळलं नाही. दुकान लखलखत होतं. बाबा टेबलाशी उभा होता, बाह्या दुमडलेल्या, डोळे चमकत होते.

"उठलीस भिंगरे? ये, ये. हा बघ, सोनाराचा काटा परत बिघडला होता, लावला मी. केसाचं वजन दाखवतोय, केसाचं!"

"काट्यावर चढ."

"नंतर चढतो. हे आधी बघ तर."

मी मागच्या शेल्फकडे गेले. वीस किलोच्या वजनांच्या रांगेमागे प्लॅस्टिकची पिशवी होती, गाठ मारलेली. उघडली. भात, आंबलेला. पोळ्या, एकावर एक, किती ते मी मोजलं नाही.

"अगं, फक्त पाचव्या दिवसापर्यंत," बाबा मागून म्हणाला. अगदी प्रेमानं, समजुतीनं. "आज पाचवा. उद्यापासून जेवणारच होतो. एक दिवस, भिंगरे. आजचा एक दिवस राहू दे मला असा." तो जवळ आला, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्याच्या तोंडाचा वास आला. नेलपॉलिश आणि सफरचंद.

या वेळी मी ओरडले नाही. दारापाशी गेले. समोर मावशी काउंटरवर होती, रस्त्याकडे बघत. मी तिला हात केला, दोन्ही हात, आणि गाडी चालवायची खूण केली. तिनं लगेच फोन उचलला. मग मी आत आले, शटर अर्ध्यावर ओढलं आणि त्याच्याखाली उंबऱ्यावर बसले, पाय ताणून, बाबाला ओलांडता येणार नाही अशी.

"काय करतेस?" बाबा म्हणाला.

"बसलेय."

तो हसला. "तू? दहा मिनिटं टिकणार नाहीस."

मी पाय आणखी ताणले. तो टेबलाकडे वळला, चिमटा उचलला आणि पुन्हा शिट्टी वाजवायला लागला. त्याचे हात जराही हलत नव्हते.